एकात्मिक विज्ञानपाठ आणि मुलांची कल्पकता: पाठ कसा आखावा?

प्रश्न
नमस्कार. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका शाळेत सातवीला सामान्य विज्ञान आणि गणित शिकवते. पाणीबचतीचा पाठ मी विज्ञान, गणित व भूगोल एकत्र गुंफून घेतला. पण अखेरीस जवळजवळ प्रत्येक प्रकल्पवहीत तीच घोषणा आणि तोच ठिबकणारा नळ आला. मुले स्वतः काही सुचवतील, असा पाठ कसा आखावा?

उत्तर १
ताई, घोषणेपासून आरंभ केला की मुलांकडून घोषणाच परत येते. आम्ही एकच सूत्र दिले: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. मुलांनी टेपने छत मोजले, ते 200 चौरस मीटर भरले. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तर हाती 80,000 लिटर येतात. 120 मुलांना रोज प्रत्येकी 5 लिटर याप्रमाणे 200 दिवसांची गरज मात्र 1,20,000 लिटरची. ही 40,000 लिटरची तूट फळ्यावर लिहून आम्ही गप्प राहिलो. एकाने मोठा हौद सुचवला, तेव्हा दुसरीने विचारले की छतावरून तेवढे पाणीच येणार नसेल, तर तो भरणार कशाने? खरा पाठ तिथून सुरू झाला.

उत्तर २
आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. तो दाखला मुलांपुढे अवश्य ठेवावा, पण त्यांचे स्वतःचे उपाय मांडून झाल्यावर. आधी सांगितला, तर सगळे तोच उतरवून काढतील.

उत्तर ३
वरील हिशेबात एक त्रुटी आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगी आहे. आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, वापर मात्र शाळा भरते तितके दिवस चालतो. त्यामुळे वार्षिक बेरजेऐवजी महिनावार आवक-जावक मांडली, तरच हौद किती मोठा हवा ते कळते. ही चूक शिक्षकाने दाखवू नये, मुलांनाच सापडू द्यावी. एकात्मिक पाठाच्या नावाखाली चार विषयांचा थोडा थोडा शिधा वाढण्यापेक्षा हा एक हिशेब तीन आठवडे चालला तरी चालेल. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकणे चालू असताना वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनात, मी निवडलेल्या उपायाइतकेच गुण, नाकारलेल्या उपायाचे कारण नीट लिहिल्याबद्दल देतो.