ब्रिज: १ नो ट्रम्पची (हुकुमाविना सात हात करण्याच्या बोलीची) ओपनिंग १२-१४ पॉइंटांवर की १५-१७ वर?

चौकट दश्शी
हे पत्ते बघा. इस्पिक राजा-सत्ती-तिर्री, बदाम राणी-गुलाम-चौकी, चौकट एक्का-अठ्ठी-पंजी-दुरी, किलवर राजा-नव्वी-छक्की. १३ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), पहिली बोली तुमची. १५-१७ वाले १ चौकट बोलणार आणि डावीकडचा १ इस्पिक म्हणून सहज आत शिरणार. तेच १ नो ट्रम्प बोललात, तर त्याला २ च्या पातळीवर यावं लागतं.

१२-१४ पॉइंट येण्याची शक्यता २०.६ टक्के, १५-१७ ची १०.१. ४-३-३-३, ४-४-३-२, ५-३-३-२ हे सपाट आकार मिळून ४७.६ टक्के. म्हणजे ढोबळमानाने १२-१४ चा १ नो ट्रम्प शंभरात दहा वेळा, आणि १५-१७ चा पाच वेळा. आकार आणि ताकद एका दमात सांगणारी बोली दुर्मीळ पत्त्यांसाठी कशाला राखून ठेवायची?

किलवर तिर्री
वारंवारता मान्य, पण किंमत बघा. व्हल्नरेबल आहात (बुडालात तर दंड जास्त), भिडूकडे ४ पॉइंट, समोरच्यांचा डबल (दंड वाढवणारी बोली) पडला. दोन हात कमी पडले की ५०० गेले. समोरच्यांकडे २३ पॉइंट, म्हणजे त्यांचा गेमही (मोठा बोनस मिळवून देणारी बोली) नव्हता. दुसऱ्या टेबलावर हेच पत्ते असलेले २ बदाम करून ११० घेतात. फरक ३९०, टीम मॅचमध्ये ९ आयएमपी (फरकावरून तक्त्याप्रमाणे मिळणारे गुण). १५-१७ वाल्याच्या हातातच दोन-तीन पॉइंट जास्त असतात, त्यामुळे असा डबल द्यायला समोरचा कचरतो.

चौकट दश्शी
डबल पडल्यावर गप्प बसणारा भिडू बुडतो. आधी ठरवून ठेवा: भिडूचा रिडबल (डबलला दिलेला उलट डबल) म्हणजे ‘तू २ किलवर बोल’, मग भिडू पास करतो किंवा स्वतःचा पाच पत्त्यांचा रंग दाखवतो. चार-चारचे दोन रंग असतील तर त्यातला खालचा थेट बोलायचा. २ च्या पातळीवर सात पत्त्यांचा हुकूम मिळाला, तरी बहुतेक वेळा नुकसान आटोक्यात राहतं.

किलवर तिर्री
मग भिडूकडे १० पॉइंट असताना समोरच्यांना ठोकायचा रिडबल गेला, हेही लिहा.

बदाम सत्ती
दोघांनीही पेअर्सचा (जोड्यांची स्पर्धा, जिथे सगळ्या टेबलांशी तुलना होते) मुद्दा सोडलाय, आणि माझ्या मते १२-१४ ची खरी दुखरी नस तिथेच आहे. ओपनरकडे इस्पिकची चार पानं, भिडूकडेही चार आणि ८ पॉइंट. १ नो ट्रम्पवर भिडू पास करतो, कारण स्टेमनसाठी (चार पत्त्यांचा बदाम किंवा इस्पिक आहे का, हे विचारणारी २ किलवर बोली) ताकद नाही. सात हात झाले, ९०. बाकीची टेबलं १ किलवर-१ इस्पिक-२ इस्पिक बोलून ११० लिहितात. टीममध्ये हे २० म्हणजे जेमतेम १ आयएमपी, पेअर्समध्ये तळ.

चौकट दश्शी
पण १ किलवर ऐकल्यावर समोरचा १ बदाम बोलू शकतो. त्याला त्याचा भिडू २ बदामचा टेकू देतो आणि तुम्हाला ३ इस्पिकपर्यंत ढकलतात. आठच हात निघाले की तुमचे ११० उणे ५० होतात.

बदाम सत्ती
होतात, पण दर वेळी समोरच्यांकडे बदाम जुळलेले नसतात. मी नॉन-व्हल्नरेबल असताना पहिल्या-दुसऱ्या जागेवर १२-१४, बाकी सगळीकडे १५-१७ खेळायला सांगेन. यात एक अडचण मात्र नक्की येते. १२-१४ खेळताना १ चौकटनंतरचा १ नो ट्रम्प १५-१६ दाखवतो, १५-१७ खेळताना १२-१४. हे भिडूच्या डोक्यात पक्कं नसेल, तर ९ पॉइंटांवर तो एकदा गेम चुकवतो आणि एकदा २१ पॉइंटांत गेम बोलतो. कन्व्हेन्शन कार्डावर (जोडीने ठरवलेल्या बोलींचं पत्रक) दोन्ही रांगा वेगळ्या लिहा आणि पहिल्या बोलीआधी व्हल्नरेबिलिटी बघा.