शब्द हवा: बुडाला, वाचला, तिसऱ्या दिवशी गेला

मलप्रभाकाठ: खानापूरकडच्या एका घरासाठी शवविच्छेदनाच्या इंग्रजी अहवालाचं मराठी करतोय. पोरगा नदीत बुडाला, लोकांनी काढला, शुद्धीवर आला. तिसऱ्या दिवशी बेळगावात दवाखान्यात गेला. मी लिहिलं 'बुडून मृत्यू'. आजी म्हणाली, "बुडला कुठं? कॉटवर गेला की!"

टिळकवाडी: 'नाकातोंडात पाणी जाऊन' लिहा. आपल्याकडे तसंच म्हणतात.

शुद्धाग्रही: 'विलंबित जलश्वसनमृत्यू'. वापरला की रुळतो.

टिळकवाडी: धारवाड एवढं जवळ, विलंबित म्हटलं की मला ख्यालच ऐकू येतो. आजीला काय सांगणार वो?

माजी इंटर्न: शब्द जपून निवडा. माणूस तीन दिवस जगला की नाकातोंडाचा फेस उरत नाही. दिसतो तो न्यूमोनिया, फुप्फुसांची सूज, मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याच्या खुणा. हे सगळं इतर आजारांतही दिसतं. मग किती वेळ पाण्यात होता, काढल्यावर श्वास होता का, केसपेपर काय म्हणतो, यावरून कारण जोडावं लागतं. नुसतं 'न्यूमोनियाने' लिहिलंत तर नदी गायब. मरण दवाखान्यात आलं तरी पोलिसांचा यूडीआर (अनैसर्गिक मृत्यूची नोंद) होतो, तो त्यासाठीच. आणि पेपरवाल्यांचं 'कोरडं बुडणं', 'दुय्यम बुडणं' नको. 2002 साली ॲमस्टरडॅमच्या परिषदेत तज्ज्ञांनी ते शब्द मोडीत काढले. पाण्याने श्वास अडला की ते बुडणंच, माणूस वाचो की जावो.

शुद्धाग्रही: ते इंग्रजीत ठरलं. मराठीत बुडाला म्हणजे संपला. पतसंस्था बुडून वाचल्याचं ऐकलंय कधी?

टिळकवाडी: शाळा बुडवली तरी दुसऱ्या दिवशी असतेच की!

वेदगंगा: मुळात शब्द कन्नड. 'बुड' म्हणजे तळ. आपलं बूड तेच, त्यावरून बुडणे.

शुद्धाग्रही: बूड वेगळं, बुडणे वेगळं. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात संस्कृत 'मस्ज्' (बुडणे) धातूऐवजी 'बुड्ड' दिलाय. त्याच सूत्रात 'खुप्प' आहे, आपलं खुपणे.

वेदगंगा: निपाणीत माझी आजी 'झाडाच्या बुडाला पाणी घाल' म्हणायची. तिला काय हेमचंद्रानं शिकवलं?

मलप्रभाकाठ: मंडळी, उद्या कागद द्यायचाय. 'पाण्यात बुडाल्यानंतर फुप्फुसांना झालेल्या त्रासाने मृत्यू' चालेल?

टिळकवाडी: चालेल. पण 'बुडाल्या' की आजीचं 'बुडल्या'?

शुद्धाग्रही: बुडाल्या.

वेदगंगा: आमच्यात बुडल्या.