स्विमिंग पूल फुटला, ठेकेदाराची नोंदणी शाबूत: हे असंच चालू द्यायचं?

आंजर्लेकर
परवा इथे एका ठेकेदार सभासदाने लिहिलं की होमस्टेवाले हल्ली पूलला जरा ओल दिसली तरी ठेकेदाराची बांधकाम खात्याकडची नोंदणी रद्द करा म्हणून अर्ज ठोकतात. त्याचं म्हणणं, भांडण पैशाचं आहे, ग्राहक आयोगात जा, कुणाच्या पोटावर पाय देऊ नका. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते अजिबात पटलेलं नाही, आणि दोन ओळींत उत्तर देण्यासारखंही नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्या बहिणीचं गुहागर तालुक्यात होमस्टे आहे. पूल ३० बाय १५ फुटांचा, खोली साडेचार फूट. ठेकेदाराच्या ऑफिसवर 'नोंदणीकृत शासकीय ठेकेदार' अशी ठसठशीत पाटी, कोटेशनच्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांक. ते बघूनच तिने काम दिलं. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी रोज दोन इंच उतरायला लागलं. ठेकेदार म्हणाला, ऊन आहे, वाफ होते. मग पायरीवर भरलेली बादली ठेवली. बादलीतली पातळी जेमतेम हलली, पूलमधली दोन इंच खाली. टाईल्स उखडल्यावर दिसलं की तळ आणि भिंतीच्या सांध्यात पाणी अडवणारी पट्टी, म्हणजे वॉटरस्टॉपच नाही, काँक्रीट हनीकॉम्ब, म्हणजे पोळ्यासारखं पोकळ झालेलं, सळईवर काँक्रीटचं कव्हर इतकं कमी की गंज वर आलेला. त्याने येऊन दोनदा केमिकल फासलं, नंतर फोन उचलणं बंद.

पुढच्याच हंगामात त्याच लेटरहेडवर त्याने शेजारच्या गावात दुसरं काम उचललं.

तिचे पैसे परत मिळतील किंवा बुडतील, तो तिचा प्रश्न. पण त्या शेजारच्या गावातल्या माणसाला सावध करणार कोण? आयोगाचा निकाल लेटरहेडवर छापून येत नाही. ज्या नोंदणीच्या जोरावर विश्वास कमावला, तिलाच हात लागला पाहिजे.

साईटवरचा
ती पोस्ट माझीच होती, म्हणून सविस्तर उत्तर देतो. बांधकाम खात्याची नोंदणी असते ती सरकारी टेंडर भरण्यासाठी. ठेकेदार पूल चांगला बांधतो, असं ती कुठेही म्हणत नाही. खासगी कामाच्या भांडणात ती रद्द करायची म्हणजे त्याचे रस्ते, साकव, शाळेच्या खोल्या, सगळं बंद. त्याच्याकडच्या मजुरांनी काय करायचं?

आता मालकांचं सांगतो. मातीची तपासणी नको, खर्च वाढतो. ड्रॉइंग म्हणजे फोनवरचा गोव्याच्या हॉटेलचा फोटो. काम मार्चमध्ये सुरू आणि मेच्या सुट्टीआधी पाणी भरलेलं पाहिजे. पाणी साठवायच्या बांधकामाचं भारतीय मानक आयएस ३३७० सांगतं की टाकी भरून सात दिवस मुरू द्या, पुढचे सात दिवस पातळी मोजा आणि तोवर बाजूची भरणी करू नका. बुकिंग घेऊन बसलेला कुठला मालक पंधरा दिवस थांबतो?

मालवण तालुक्यात मी एक पूल बांधला. मालकाने जुलैत सफाईसाठी तो पूर्ण उपसला. जांभ्यातून पावसाचं पाणी चहूबाजूंनी आलेलं, आत टाकी रिकामी. एका बाजूने अख्खी टाकी वर उचलली गेली, पूलभोवतीचा डेक फाटला. मी फोनवर ओरडून सांगितलं होतं की पावसाळ्यात उपसू नका. आजही तो गावभर सांगत फिरतो की ठेकेदार चोर.

ओसरीवरून
साईटवरचा दादा, तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह टाकला होतात का? बाहेरचा दाब वाढला की तोच उघडून पाणी आत घेतो. कोकणातल्या पावसात तो नाही म्हणजे काम अर्धवट.

साईटवरचा
कोटेशनमध्ये होता ताई. मालकाने पेनने कापला. कागद माझ्याकडे आहे.

ओसरीवरून
मग काम सोडायचं होतंत. पेशंटने नको म्हटलं म्हणून डॉक्टर भूल न देता पोट फाडत नाही.

चिऱ्याचा हिशेब
मी साईट इंजिनियर आहे, तेवढं तांत्रिक सांगतो. आंजर्लेकरांच्या मापाच्या पूलचा तळ ४० चौरस मीटरच्या आसपास. तळापासून बाहेर मीटरभर पाणी चढलं तर खालून वर ढकलणारा जोर जवळपास ४० टन, आणि त्या मापाच्या टाकीचं वजनही साधारण तितकंच. म्हणजे जुलैत उपसणं ही मालकाची चूक आहे, यात वाद नाही. पण गुहागरच्या कामात तसं काही झालेलंच नाही. वॉटरस्टॉप नसणं आणि हनीकॉम्ब राहणं हे निव्वळ बांधणाऱ्याचं पाप. काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरवला असता तर हनीकॉम्ब झालं नसतं. त्यात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर सळई आतून खात जाणार. दोन वेगळ्या गोष्टी एका पोतडीत घालू नका.

बावीवरचो
तुमचा पूल गळता म्हणान रडतास, आमच्या वाडीत मे म्हयन्यात प्यावक पाणी नाय! मराठीत लिहितो, सगळ्यांना कळू दे. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला दोन व्हिला झाले. दोघांच्या बोअर आमच्या विहिरीपेक्षा कितीतरी खोल. पूर्वी मेअखेर पुरणारी विहीर आता एप्रिलमध्ये तळ दाखवते, आणि किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ झाल्या. तुम्ही वॉटरस्टॉप मोजताय. आधी हे सांगा, एवढे पूल पाहिजेत कशाला? समोर समुद्र आहे.

आंजर्लेकर
काका, पाण्याचा प्रश्न खरा आहे, पण धागा ठेकेदाराच्या नोंदणीचा आहे.

बावीवरचो
धागा तुमचा असेल, पाणी गावाचं आहे.

दिवेआगरची सून
काका, रागावू नका पण ऐका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची सुपारीची बाग आडवी झाली. सुपारी लावल्यापासून उत्पन्न यायला किती वर्षं जातात, तुम्हाला सांगायला नको. दोन खोल्या भाड्याने देऊन घर चाललं. आज फोन आला की पहिला प्रश्न, पूल आहे का? नाही म्हटलं की फोन बंद. शौक म्हणून कर्ज कुणी काढत नाही.

बावीवरचो
तुमचं दुःख खरं आहे, बागा आमच्याही गेल्या. पण व्हिलावाले बहुतेक मुंबई-पुण्याचे. त्यांची सुपारी पडली नव्हती.

वाडीतला पोरगा
मी बावीवरच्या मामांच्या बाजूने. टँकरवर जगणाऱ्या वाडीला लागून पूल भरायला परवानगीच नको. ठेकेदार-मालक भांडणात आम्हाला रस नाही, दोघांनी मिळूनच पाणी संपवलंय.

दिवेआगरची सून
दोघांनी मिळून? आमच्या घरी पाच बादल्यांत पाहुण्यांचे कपडे धुतो आम्ही. तोंडाला येईल ते लिहू नका.

वाडीतला पोरगा
तुमच्या घराबद्दल बोललोच नाही. लागलं असेल तर लागू दे.

चिऱ्याचा हिशेब
भांडण थांबवा, एक आकडा बघा. या पूलमध्ये साधारण ५७,००० लिटर मावतं. एकदा भरायला १०,००० लिटरचे सहा टँकर. पण रोज दोन इंच गळती म्हणजे दिवसाला २,००० लिटरच्या वर. जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरलेत. म्हणजे एक बिघडलेला पूल रोज ३८ माणसांचं पाणी जमिनीत सोडतो. मामा, तुमचा आणि आंजर्लेकरांचा प्रश्न एकाच फटीतून गळतोय. खराब बांधणाऱ्याला रोखणं तुमच्याही फायद्याचं.

बावीवरचो
हिशेब मान्य. पण नवीन पूल नकोच, हे माझं म्हणणं जाग्यावर आहे.

कोर्टाच्या आवारातून
थोडं कायद्याचं, कारण 'आयोगात जा' हे वाक्य फार स्वस्त झालंय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांत करावी लागते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात मान्य केलंय. इथवर ठीक. पण होमस्टेचा पूल म्हटलं की समोरचा वकील पहिला आक्षेप घेतो: हा व्यापारी हेतू, या बाई ग्राहकच नाहीत. मग स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार आहे हे सिद्ध करत बसा. रेराची, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याची, पाच वर्षांची दोषदुरुस्तीची हमीही इथे नाही, कारण ती बिल्डरकडून घेतलेल्या घराला. स्वतःच्या जागेत ठेकेदाराकडून करून घेतलेल्या कामाला नाही. म्हणजे आंजर्लेकरांच्या बहिणीसारख्या माणसाला धड कुठलंच दार नाही. नोंदणीवर बोट ठेवावं लागतं ते म्हणून.

माझा भाऊ कॅलिफोर्नियात आहे. तिथे स्विमिंग पूलच्या ठेकेदाराला वेगळं लायसन्स, सी-५३. त्यासाठी २५,००० डॉलरचा हमीचा बाँड. आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, जे कमी असेल ते. काम खराब निघालं तर लायसन्स बोर्डाकडे तक्रार, आणि बोर्ड लायसन्स निलंबित किंवा रद्द करू शकतं. तिथे पोटावर पाय वगैरे भाषा कुणी करत नाही.

साईटवरचा
कॅलिफोर्निया आणू नका हो इथे. इथे लायसन्स म्हणजे आणखी एक टेबल, आणि टेबलाला ड्रॉवर असतोच. मी बिलासाठी महिनोन् महिने हेलपाटे घातलेला माणूस आहे. रद्द करायचा अधिकार हातात आला की तो कुणावर चालणार? ज्याची ओळख नाही त्याच्यावर. मोठे सुटतील, माझ्यासारखा मरेल.

ओसरीवरून
मग विजेच्या कामाचं काय? ते सरकारी लायसन्स असलेल्या ठेकेदारानेच करायचं असा नियम आहे, आणि तो कुणालाही जाचक वाटत नाही, कारण शॉक लागला की माणूस जातो. पूलमध्ये पाण्याखाली दिवे असतात. आमच्याकडे काम केलेल्याने अर्थिंग धड केलं नव्हतं, करंट गळला की वीज तोडणारी आरसीसीबी बसवलीच नव्हती. शिडीला हात लावल्यावर माझ्या भाच्याला झिणझिण्या आल्या म्हणून कळलं. पोरं उतरतात त्या पाण्यात! ते आठवलं की आजही माझा संताप होतो. तुमच्या टेबल-ड्रॉवरच्या गोष्टी मला नका सांगू.

साईटवरचा
ताई, ते केलेल्याला मीसुद्धा पाठीशी घालणार नाही. वायरिंगमध्ये हयगय केलेल्याचं लायसन्स गेलंच पाहिजे.

आंजर्लेकर
मग सिमेंटमध्ये हयगय केलेल्याचं का नाही? मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, कारण सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमच्या परसातली भिंत फुटली ती कुणी पाहिली नाही. बहीण खात्यात गेली तर साहेब तोंडी म्हणाले, खासगी कामाशी आमचा संबंध नाही. संबंध नाही तर खात्याची नोंदणी खासगी कोटेशनवर छापू कशी देता?

साईटवरचा
हा एक मुद्दा तुमचा बरोबर आहे. नोंदणी क्रमांक खासगी लेटरहेडवर नको. खुशीने म्हणत नाही, माझ्याही लेटरहेडवर तो आहे. पण खासगी काम बिघडलं म्हणून नोंदणी रद्द, याला मी कधीच हो म्हणणार नाही. त्यापेक्षा करारातच लिहा: १० टक्के रक्कम एक पावसाळा संपेपर्यंत मालकाकडे, सात-सात दिवसांची पाण्याची चाचणी दोघांच्या सह्यांनी, आणि व्हॉल्व्ह कापायचा असेल तर मालकाने तसं लेखी द्यायचं.

आंजर्लेकर
करार चांगला आहे, पुढच्यांना उपयोगी पडेल. जुलैत उपसणाऱ्या मालकाची बाजू मीही घेणार नाही, तेवढं तुमचं मान्य. पण बहिणीच्या अर्जातून नोंदणीची मागणी निघणार नाही. अर्जात दोन गोष्टी आहेत. खासगी कामासाठी नोंदणी क्रमांक वापरायला बंदी, आणि ज्याने वापरला त्याच्या खासगी कामातला दोष तपासणीत सिद्ध झाला तर ठरावीक काळ निलंबन. कायमची रद्द नाही, निलंबन. इंजिनियरचा तपासणी अहवाल आणि फोटो जोडलेत. ज्यांचे पूल असेच गळताहेत त्यांनी व्यनि (खासगी निरोप) करा, एकत्र देऊ.

साईटवरचा
निलंबन म्हणजे दोन हंगाम उपाशी. माझी सही मिळणार नाही.

बावीवरचो
माझी घ्या. पण अर्जात रोज ३८ माणसांच्या पाण्याचा आकडा घाला, नाहीतर मीपण देणार नाही.

आंजर्लेकर
घालतो काका.