भिंतीवरचं कपाट: स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग भिंतीत फिरतोय, काय करू?

सुट्या भागांत आलेलं भिंतीवर टांगायचं कपाट जोडून तयार आहे. रुंदी 80 सेंमी, खोली 35, पार्टिकल बोर्डचं; रिकामं असतानाच साधारण 20 किलो भरतं, आणि आत डबे-बरण्या ठेवायच्या आहेत. जोडणी नीट झाली आहे: दोन्ही कर्ण मोजले, सारखे आहेत, पाठीचा हार्डबोर्डही खिळे मारून बसवलाय. (एक कॅम लॉक, म्हणजे फळ्या एकमेकींना आवळणारा गोल तुकडा, उरलाय. तो जास्तीचाच असावा, असं स्वतःला समजावतोय.)

घोडं अडलंय भिंतीपाशी. भोक पाडताना आधी प्लास्टर निघालं, मग पांढरट राखाडी, मैद्यासारखी भुकटी. विटेचा लाल कण एकही नाही, ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. म्हणजे एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा) असावा. सोबत आलेले 8 मिमीचे प्लग स्क्रू आवळताच जागच्या जागी फिरतात. मग 10 मिमीचे लावले, एका भोकात आगकाड्याही ठोकून पाहिल्या. हाताने ओढलं की सगळं बाहेर. पहिली दोन भोकं हॅमर मोडवर (ड्रिल फिरता फिरता ठोकेही देतं तो) पाडली होती, ती चूक आता कळली.

कपाट जमिनीवर ठेवायला जागा नाही, भिंत आरपार भोकायची नाही, आणि टांगायच्या पट्ट्या कपाटाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतच आहेत.

एएसी ब्लॉकमध्ये एवढं वजन कुणी टांगलंय का? त्यासाठीचे खास नायलॉन प्लग पुरतात, की केमिकल अँकरच (भोकात रेझिन भरून घट्ट बसवायचा बोल्ट) हवा? आणि ढिली झालेली भोकं भरून तिथेच पुन्हा ड्रिल करावं, की कपाट किती सेंटीमीटर सरकवावं?