शरद म्हणजे पानगळ का? शब्दाचा मूळ अर्थ हवाय

रानजाई:
नमस्कार मंडळी. मी इकडे न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, सध्या ऋतूंचा धडा चालू आहे. तक्त्यावर शरद ऋतू म्हणून लाल-पिवळी पानं गळताना दाखवलीत आणि मुलांना ते लगेच पटलं कारण खिडकीबाहेर आत्ता तेच दिसतंय, पण मला काही पटेना, आमच्या साताऱ्याकडे दसऱ्याला कुठलं झाड बोडकं असतं? तर शरद या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि पानं गळण्याशी त्याचा संबंध आहे का?

लोंबी:
ताई, शंका अगदी बरोबर आहे. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, तेव्हा आमच्या कोकणात हळवं भात कापायला आलेलं असतं, कोजागरीच्या पुनवेला नवं करतात, नव्या तांदळाचा भात आणि दाराला भाताच्या लोंब्या. जमिनीत पावसाची ओल असते मग झाड पानं कशाला टाकेल? आपल्याकडे साग, पळस, सावर पानं टाकतात ती थंडी सरताना, जमीन सुकायला लागली की, म्हणजे शिशिरात. तुमच्याकडे थंडी आणि लहान दिवस यामुळे झडतात, कारणच वेगळं.

जुनी_पोथी:
थोडं सविस्तर लिहितो, विषय फार आवडीचा आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात, शरद शब्दाची फोड दिलीय, 'शृता अस्यामोषधयो भवन्ति, शीर्णा आप इति वा', म्हणजे जिच्यात वनस्पती पिकतात किंवा पाणी ओसरतं ती शरद. पानांचं नावही नाही! व्याकरणवाले हा शब्द 'शॄ' धातूपासून काढतात, मोडणं-झडणं असा अर्थ, आपल्या जीर्णशीर्ण मधलं शीर्ण त्यातलंच, आणि तेवढ्यावरून शरद म्हणजे पानगळ असं बरेच जण ठरवून टाकतात. यास्काच्या व्युत्पत्त्या आजचे भाषाशास्त्रज्ञ जशाच्या तशा घेत नाहीत हे खरं, पण त्या काळच्या माणसाला शरद म्हटल्यावर काय दिसायचं ते त्यातून स्वच्छ कळतं, पिकलेलं शेत आणि उतरलेला पूर.

दुसरं म्हणजे वेदात शरद म्हणजे अख्खं वर्षसुद्धा. ऋग्वेदातलं 'पश्येम शरदः शतं जीवेम शरदः शतम्' घ्या, वाढदिवसाला आपण जीवेत् शरदः शतम् म्हणतो ते तिथलंच वळण. एका ऋतूवरून वर्ष मोजायची पद्धतच होती, 'शतं हिमाः' म्हणजे शंभर हिवाळे असंही ऋग्वेदात येतं आणि आपला वर्ष हा शब्द तर पावसावरूनच आलाय.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, याच शब्दाचं भावंड 'सरद' असं काहीसं आहे, अर्थ वर्ष, आणि फारसीत र-द मिळून ल झाला आणि त्याचं झालं साल! हृद् आणि दिल यांचंही नातं असंच. म्हणजे आपल्या सालगडी, सालाबादप्रमाणे मधला साल फारसीतून आला खरा पण तो शरदचा सख्खा चुलत भाऊ आहे.

रानजाई:
साल आणि शरद!! हे मुलांना सांगणारच, वर्गात दोन मुलं घरी गुजराती बोलणारी आहेत, त्यांच्याकडेही साल आहेच. मग इथल्या फॉलला मराठीत काय म्हणायचं?

लोंबी:
पानगळ म्हणा की सरळ, छान शब्द आहे. कॅलेंडरचे महिने जुळतात म्हणून शरद म्हटलं तरी चालेल पण चित्र मात्र बदला, निरभ्र आकाश, पिवळं झालेलं भात, झेंडू आणि टिपूर चांदणं असं काढायला सांगा.

जुनी_पोथी:
आणि ऊन पण काढा कडक. वैद्य लोक शरदात पित्त भडकतं म्हणतात ते ऑक्टोबर हीटमुळेच, 'वैद्यानां शारदी माता' अशी म्हणच आहे, पेशंट इतके वाढतात की हा ऋतू वैद्यांना आईसारखा. न्यू जर्सीतल्या पोरांना थंडीत स्वेटर घालून हे ऐकायला मजा येईल.

रानजाई:
तक्ता बदलतेय. लोंबीताई, नव्याच्या पुनवेचा दाराला लोंब्या बांधलेला फोटो असेल तर टाका ना इथे.

लोंबी:
ताई नाही, दादा आहे मी 🙂 भावाला गावी फोन करतो, मिळाला की टाकतो.