अनुभव धागा : आयव्हीएफ चालू असताना जिवाची घालमेल कशाने कमी होते?

मुंबईच्या परळमध्ये, केईएम रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून आयव्हीएफने, म्हणजे अंडं आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र करून, टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. तरीही आजसुद्धा घरोघरी या उपचाराबद्दल कुजबुजच चालते. सोनोग्राफीच्या रांगेत बसलेल्या बाईला जो तो एकच सांगतो, 'टेन्शन घेऊ नकोस.' ते कसं घ्यायचं नाही, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. सिस्टर, लॅबमधले, समुपदेशक, स्वतः यातून गेलेले, सगळ्यांनी लिहा. आपली कहाणी नको, दुसरीला उद्या सकाळी करता येईल असं काहीतरी हवं.

वंध्यत्व ओपीडीतली सिस्टर

अंडी वाढवणाऱ्या पहिल्या इंजेक्शनला हात थरथरतातच. ही इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात आणि साधारण नऊ ते बारा दिवस चालतात. फ्रीजमध्ये ठेवायचं औषध २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, ते सारखं उघडतं. बर्फाच्या खणाला टेकूनही नको. गोठलेलं औषध टाकूनच द्यावं लागतं. केमिस्टकडून लोकलने नेताना बर्फाच्या पिशवीला खोका थेट लागू देऊ नका, मध्ये नॅपकिन गुंडाळा.

टोचण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा, गार औषध झोंबतं. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचा आणि रोज बाजू बदला. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, निम्मी आग त्याचीच असते. इंजेक्शनच्या पेनचं बटण शून्यावर आलं की दहा आकडे मोजा, मगच सुई काढा. घाईने काढली की टोकाला थेंब दिसतो आणि 'डोस वाया गेला' म्हणत रात्र जागून निघते. आकडा शून्य असेल तर त्या थेंबाने काही बिघडत नाही. शून्याऐवजी दुसरा आकडा दिसला तर पेन संपलं आणि तेवढा डोस राहिला. तो नव्या पेनने घ्यायचा.

अंडी वाढवणारं इंजेक्शन लोकल लेट झाल्याने अर्धा-एक तास पुढे गेलं तरी चालतं. ट्रिगरचं, म्हणजे अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनचं, तसं नाही. त्याच्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढायची असतात, म्हणून दोघांच्याही फोनवर गजर लावा. उशीर झालाच तर लपवू नका. खरी वेळ कळली तर ऑपरेशन थिएटरची वेळ सरकवता येते.

पोट फुगणं, जडपणा अपेक्षितच आहे. पण एका दिवसात किलोहून जास्त वजन वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच फोन करा.

भ्रूणप्रयोगशाळेतून

लोकांचा जीव सगळ्यात जास्त आकड्यांनी टांगणीला लागतो. दहा अंडी म्हणजे दहा भ्रूण नव्हेत. ढोबळमानाने दहातली आठ पक्व निघतात, पाच-सहा फलित होतात आणि पाचव्या दिवशी दोन-तीन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवस वाढलेले भ्रूण, हाती लागतात. ही गळती कुणाच्या चुकीने होत नाही. हे आधी माहीत असलं की तिसऱ्या दिवशीचा आकडा ऐकून पायाखालची जमीन सरकत नाही.

फलन झालं की नाही ते १६ ते १८ तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं. मधले दिवस अनेक लॅब इनक्युबेटर उघडतच नाहीत, म्हणून फोनही येत नाही. फोन आला नाही म्हणजे वाईट बातमी असं समजू नका. अंडी काढायच्या दिवशीच विचारून ठेवा : फोन कोण करणार, कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत. अदलाबदलीची धास्ती असेल तर लेबल आणि दोघांनी पडताळण्याची पद्धत दाखवायला सांगा. हे विचारण्यात संकोच कसला?

नवऱ्यांसाठी, थोडक्यात

वीर्याचं सॅम्पल ऐन वेळी देता न येणं अगदी नेहमीचं आहे. आधीच एक सॅम्पल गोठवून ठेवायला सांगा, अर्धी भीती जाते. दोन ते पाच दिवसांचा संयम पुरतो. घरून आणायचं तर साधारण तासाभरात आणि डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत. अंधेरीहून दादरला सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तो हिशेब जमत नाही, क्लिनिकमध्येच द्या.

समुपदेशक

'तू टेन्शन घेतलंस म्हणून राहिलं नाही' हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नका. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचाराआधीच्या मानसिक ताणाचा गर्भधारणा होण्या-न होण्याशी संबंध आढळला नाही. ताण कमी करायचा तो स्वतःला बरं वाटावं म्हणून. रडू आलं तर रडा, भ्रूणाला त्याने धक्का बसत नाही. ट्रान्सफरनंतर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर, लघवीला गेल्याने ते पडत नाही आणि पलंगावर पडून राहिल्याने जास्त चिकटतही नाही.

पुढचे दहा-चौदा दिवस सर्वांत कठीण. छाती दुखणं, झोप येणं, पोट जड वाटणं हे प्रोजेस्टेरॉनने, म्हणजे ट्रान्सफरनंतर चालू असलेल्या हार्मोनच्या औषधानेही होतं, त्यामुळे लक्षणांवरून काहीच ठरवता येत नाही. घरची प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी लवकर लावू नका. पट्टी एचसीजी हे हार्मोन ओळखते, म्हणून त्याचाच ट्रिगर अंगात असेपर्यंत खोटी रेघ येते, आणि नंतरही फार लवकर केली तर खोटा नकार. डाग दिसला तरी रक्ततपासणी होऊन डॉक्टर सांगेपर्यंत औषध थांबवायचं नाही.

काळजीला वेळ नेमून द्या. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, वहीत लिहायचं. इतर वेळी विचार आला की 'सहाला' म्हणायचं. पहिले तीन दिवस जमत नाही, मग जमतं. चार आकडे श्वास आत, सहा बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा लांब हवा.

हळदीकुंकवात, डोहाळजेवणात 'गोड बातमी कधी?' येणारच. उत्तर एकच ठरवा : 'काही असलं की आम्हीच सांगू.' सासरच्यांना नवऱ्याने सांगायचं, माहेरच्यांना तिने. निकालाची तारीख दोघांपलीकडे कुणाला सांगू नका. रिपोर्ट ऑफिसच्या टेबलावर उघडू नका.

२०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने समुपदेशन ही क्लिनिकची जबाबदारी आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम सगळं विचारा. रात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे : १४४१६, चोवीस तास आणि मोफत.

एक प्रश्न

तेलातल्या प्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनने कमरेखाली गाठी झाल्यात. काय करावं?

सिस्टर

ताई, अँप्युल दहा मिनिटं मुठीत धरून कोमट करा, तेल पातळ होतं. टोचताना वजन दुसऱ्या पायावर घ्या, म्हणजे तिथला स्नायू सैल राहतो. नंतर हलकं चोळा आणि गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून दहा मिनिटं धरा. रोज बाजू बदला. गाठ लाल, गरम झाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.