स्ट्रिंगच्या जागी जेएएक्सबीएलिमेंट का येतं

एक्सएसडीवरून (एक्सएमएलची रचना सांगणाऱ्या फाइलवरून) एक्सजेसीने, म्हणजे जावा आणि एक्सएमएल जोडणाऱ्या जेएएक्सबीच्या टूलने, जावाचे क्लास बनवले, पण साध्या स्ट्रिंगऐवजी जेएएक्सबीएलिमेंट आलं आणि रूटएलिमेंटचं अ‍ॅनोटेशनही दिसत नाही, असा प्रश्न आहे. दोष टूलचा नाही. एक्सएसडीत त्या एलिमेंटवर मिनऑकर्स 0 (नसला तरी चालेल) आणि निलेबल ट्रू (निल, म्हणजे किंमत नसलेला, असू शकतो) असं दोन्ही आहे का बघा. 'एलिमेंट आलाच नाही' आणि 'आला, पण निल' या दोन स्थिती जावाच्या एका नलमध्ये मावत नाहीत, म्हणून हे वेष्टण. एक्सजेसीला सूचना देणाऱ्या बाइंडिंग फाइलच्या ग्लोबलबाइंडिंग्जमध्ये जनरेटएलिमेंटप्रॉपर्टी फॉल्स केलं की साधी स्ट्रिंग मिळते, पण तो फरकही पुसला जातो. समोरची सेवा निलचा अर्थ 'जुनी किंमत काढून टाका' असा घेत असेल, तर या वाटेला जाऊच नका.

रूटएलिमेंटचं अ‍ॅनोटेशन (हा क्लास एक्सएमएलचा सर्वात बाहेरचा एलिमेंट आहे, अशी खूण) दिसत नाही, त्याचं कारण वेगळं. नाव दिलेला कॉम्प्लेक्सटाइप (एक्सएसडीत ठरवलेली रचना) अनेक एलिमेंट वापरू शकतात, मग रूट कोणाला मानायचं? एक्सजेसीनेच बनवलेल्या ऑब्जेक्टफॅक्टरी क्लासमधली क्रिएट मेथड वापरा, मार्शलिंग (ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणं) होतं.

जनरेट झालेल्या फाइली हाताने दुरुस्त करू नका (मोह होतोच). पुढच्या बिल्डला सगळं जातं. शिवाय जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट संच) 11 पासून एक्सजेसी सोबत मिळत नाही, मेवन या बिल्ड टूलचा प्लगइन घालावा लागतो. त्याची आवृत्ती तपासा: जेएएक्सबी 3 पासून इम्पोर्ट जावाएक्सऐवजी जकार्ताने सुरू होतात, आणि 2 चं रनटाइम ती अ‍ॅनोटेशन्स ओळखत नाही.